बारा की वीस

रात्री साडेदहाला शार्दूलचा फोन.
तिकडं त्याची दुपारची जेवणाची सुट्टी.
म्हणाला, काका, ठासणीची बंदूक घेतोय,
टर्कीसाठी. बारा बोअर घेऊ की वीस?

टर्की मी एकदाच पाहिलाय,
मांजरीच्या एका पोल्ट्रीत, जाळीमागं,
गळ्याशी लाल कातडं लोंबणारा,
रिटायर झालेल्या हेडक्लार्कसारखा चिडका.
त्याला बंदूक कशाला, असं तोंडावर आलं होतं.
पण दादा गेल्यापासून
पोरानं मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

चाळीस वर्षं कॅम्पातल्या दुकानात, मागच्या बाकावर,
मी दुसऱ्यांच्या नळ्या घासल्या.
निवडणूक लागली की वेल्ह्याची, मुळशीची माणसं यायची,
ठाण्यात जमा करण्याआधी तेल द्या म्हणायची.
डुकरं पिटाळायच्या बंदुका,
परवाना प्लास्टिकच्या पिशवीत.
एकाच्या नळीत तर कुंभारमाशीनं घर केलेलं.
शेवटचा बार कधी काढलात, विचारलं
तर तो बोटं मोजत राहिला.

ऐक, म्हटलं. बोअरचा हिशेब उलटा.
पौंडभर शिसं घ्यायचं, सारख्या गोळ्या पाडायच्या.
बारा पडल्या, तर त्यातली एक जिच्यात बसते ती बारा.
वीस पाडल्या तर गोळी बारीक, नळी अरुंद.
वाटेकरी वाढले की वाटा लहान, एवढंच.

तो गप्प झाला. मीही.
भवानी पेठेतल्या तीन खोल्या
दोघांच्याही डोक्यातून गेल्या असणार.

मग मीच म्हटलं, बारा घे.
छर्रे जास्त मावतात. खांद्याला लागेल, लागू दे.
ज्या मापानं दारू त्याच मापानं छर्रे,
आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, वर पातळ पुठ्ठा.
गज तळाला टेकताना भरीव आवाज येतो,
तो ऐकल्याशिवाय टोपी चढवू नकोस.
आणि एकदाच वाजते ती. पुन्हा ठासेपर्यंत
पक्षी शेजारच्या जिल्ह्यात.

म्हणाला, बाबा वीस म्हणायचे.

दादा?
दारूच्या वासानं त्याचं डोकं धरायचं,
दुकानाची पायरीसुद्धा चढला नाही कधी.

तुम्ही एकदा घरी आणली होती म्हणे, कुणाची तरी,
दस्त्याला तडा गेलेली.

आणली होती.
दादानं ती उचलली, पत्र्यावरच्या कावळ्यावर धरली,
आणि रिकाम्या बंदुकीमागून तोंडानंच म्हणाला, ठो!
कावळा खरंच उडाला.
आई चहा गाळता गाळता हसली, अर्धा चहा ओट्यावर.
ती वीसचीच होती.
हे मला आठवायला अमेरिकेतून फोन यावा लागला.

हलकी असते वीस, मी म्हटलं. उचलायला बरी.
फक्त वीस पावलांच्या आत येऊ दे त्याला.
जास्त वेळ बसावं लागेल. हलू नकोस.

बरं, म्हणाला. मग थोडं इकडचंतिकडचं,
तुमचा गुडघा कसा आहे, वगैरे.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
मांस खातात का त्याचं, विचारलंच नाही.