एक जून

दोह्याहून लिंबाजी पोटेचा फोन :
गुरुजी, इथला साहेब आमचे पासपोर्ट
पत्त्यांसारखे पिसत बसला अन् हसला,
तुमच्या गावात बाया काय
एकाच दिवशी बाळंत होतात?
मी, इरफान, गोदाजीचा मधला,
तिघंही एक जून.

मीच लिहिलं ते.
कयाधूकाठची शाळा, तापलेली पत्रं,
दाखल-खारीज रजिस्टर मांडीवर.
इरफानची माय उंबऱ्याबाहेरूनच बोलली,
मुगाला शेंगा लागल्या व्हत्या, तवा झाला.
लिंबाजीची आजी :
पोळ्याच्या आदी दोन रोज,
बैल हरपला व्हता त्या राती.
रकान्यात बैल मावत नव्हता.
पोराला सहा पूर्ण पाहिजेत,
एवढंच मला कळत होतं.

आज नांदेडच्या पोस्टात, पासपोर्टच्या खिडकीशी,
टोकन एकोणचाळीस मी.
नातू झालाय मस्कतला.
त्याच्या कागदावर मिनिटसुद्धा आहे म्हणे.
माझ्या आधारवर पंडित, दाखल्यावर पंडितराव;
बाई म्हणाल्या, रावचं शपथपत्र लागेल.
बरं, म्हणालो.
रावाशिवायही बरीच वर्षं काढलीत.

जन्मतारीख?

जिभेवर आलंच होतं :
माय सांगायची, जवारी हुरड्यात होती,
सुईण भांडून निघून गेली होती,
शेजारच्या तान्हूबाईनं नाळ कापली
विळा चुलीत धरून.

एक जून, म्हणालो.
बाईंनी मान वर केली नाही.
टोपी काढा, म्हणाल्या, समोर बघा.

काढली.
डोक्याला पंख्याचा वारा लागला.