परत

शनिवारी सकाळी सोहारमध्ये,
मंडळाने भाड्याने घेतलेल्या खोलीत
(खाली गादीवाल्याचं दुकान),
सात मुलं गालिच्यावर गोल करून बसतात
आणि मी गोलाबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत.
नियम त्यांनीच केलाय:
सरांनी बोलायचं नाही.
बोलले, तर पुढच्या शनिवारी समोसे त्यांचे.
गेल्या महिन्यात तीनदा आणले.

आठवडाभर मी रिफायनरीत वाफेचा दाब वाचतो.
तिथे काटा थरथरला की धावायचं असतं.
इथे काटा थरथरतो
आणि हात मांडीवर ठेवून बसायचं.

आज चर्चा चालवणार शमिका खोत, इयत्ता चौथी,
पेन्सिल कानावर, वाण्यासारखी.
गोष्ट एका शेळीची.
एका गावात जन्मली, दुसऱ्या गावात विकली,
पाच वर्षं राहिली, तिथेच व्याली,
आणि एका पहाटे दावं तोडून निघाली.
शेवटची ओळ: शेळी परत गेली.
चित्रात नुसती पाऊलवाट आणि लेंड्या.

लेंड्यांवर पाच मिनिटं गेली.
मी काही बोललो नाही.

मग शमिकाने विचारलं,
"परत म्हणजे कुठे?"

"जुन्या गावी. सोपंय," निहार म्हणाला.
"पान सांग."
निहारने पुस्तक पुढून मागे चाळलं, मागून पुढे.
पान नव्हतं.

"आम्ही मे महिन्यात खेडला जातो," झोया परकार म्हणाली,
"सुट्टी संपली की अब्बा म्हणतात, चला, परत.
म्हणजे इथे."
"माझी आई म्हणते, एक दिवस परत जायचंय.
म्हणजे तिथे."
"म्हणजे शब्द दुतोंडी आहे?"
"तीनतोंडी," सगळ्यांत लहान वेदांग म्हणाला,
"कांदा पण परततात."

इतकं हसले की गादीवाल्याने
खालून छताला काठी मारली.

शमिका हसली नाही. वहीत लिहिलं: कांदा.
"कांदा परतताना तो कढईतच राहतो.
फक्त खालची बाजू वर.
मग शेळी गेली नसेलही,
चक्कर मारून आली असेल."
"आणि दावं?"
"दावं तुटलं एवढंच लिहिलंय. दावं म्हणजे घर नाही."

माझ्या खिशात चौघडी कागद होता.
गुरुवारी रात्री सुवाच्य अक्षरात लिहिलेला:
तात्पर्य, मातीची ओढ.
रजेवर निघताना मी म्हणतो, परत चाललो.
रजेहून निघतानाही तेच म्हणतो.
बावीस वर्षं. दोन्ही वेळा खरंच वाटतं.

काचेबाहेर दमट हवेचं दव साचलेलं.
त्याच्याकडे बघत बसलेला आरोह
आजवर या गोलात एकदाही बोलला नव्हता.
"करडांचं काय?"

कोणाला कळलं नाही.
"तिची करडं. नऊ नंबरच्या पानावर तीन आहेत.
मग कुठेच नाहीत.
ती कुठे परत जाणार? ती तर तिथलीच."

सात पुस्तकं सरसरली.
नववं पान: तीन करडं, एकाच्या कानावर पांढरा ठिपका.
दहावं: नाहीत. अकरावं: नाहीत.
ही गोष्ट मी अकरा वेळा वाचली आहे.
माझं तोंड उघडलं.
"सर," झोया हळूच म्हणाली, "समोसे."
मिटलं.

शमिकाने घड्याळ बघितलं.
"उत्तर नाही मिळालं," ती म्हणाली, जराही वाईट न वाटता,
"पुढच्या शनिवारी परत वाचू."
"चार!" वेदांग ओरडला.
काठी पुन्हा वाजली.

चपलांचा ढीग उपसून ती खाली गेली,
आयांच्या, बापांच्या गाड्यांत शिरली.
मी एसी बंद केला, गालिचा झटकला,
गादीवाल्याची माफी मागितली,
आणि कोपऱ्यावरच्या केरळी हॉटेलात
पुढच्या शनिवारसाठी सोळा समोसे सांगून ठेवले.

आज बोललो नव्हतो.
पण पुढच्या वेळी
मला एक प्रश्न विचारायचाय.