निळी पट्टी

स्क्विडच्या तुकड्याला पांढरा धागा बांधून
इसोएबाईंनी तो काठीच्या टोकावर धरला.
हेबो आली, गांधीलमाशीची धाकटी काळी जात,
तुकडा उचलून उडाली,
आणि त्र्याहत्तर वर्षांच्या बाई
धाग्यामागे धावत सुटल्या
भातखाचराच्या बांधावरून, ओढ्यातून, बुटांसकट.

गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घालू नये
हे गिफूच्या या डोंगरात
कुणी कुणाला सांगितलेलं दिसत नाही.
धूर दिला, उकरलं, मुठीएवढं पोळं
घरामागच्या लाकडी पेटीत आणून टांगलं.
रोज कोंबडीची काळजी, साखरपाणी.

तिथे मुकादम नाही. नकाशा नाही.
राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही.
एक येते, कडेला मिशा टेकवते,
मागची थांबली तिथून
ओला लगदा पसरत उलट्या पावली सरकते.
तांदळाच्या दाण्याएवढी ओळ. झालं.
ती वाळते न वाळते तोच दुसरी हजर.
आधी छत, मग खालचे मजले,
पाया कधीच नाही;
खोल्यांची तोंडं जमिनीकडे
आणि पोरं उलटी लोंबतात,
पडत मात्र नाहीत.

दुपारी न्हाणीघराच्या फळ्यांना कान लावला
तर कुरतडणं ऐकू येतं.
ही करडी पट्टी न्हाणीघराची, बाई सांगतात,
ही तांबूस सुगीच्या झाडाची
(आपली सुगी वेगळी, तिचा इथे संबंध नाही),
ही फिकट तोकुजोंच्या कुंपणाची,
त्यांना बोलू नका.

नोव्हेंबरात पेटी उघडली.
तीन किलो आठशे. नंबर आला नाही.
पण मधोमध, शिंपल्यासारख्या पदरांत,
नखाएवढी रुंद एक निळी पट्टी.

अंगणात निळं काही नाही.
वाडीतही नाही, त्यांनी फिरून पाहिलं,
जून महिन्यात धाग्यामागे गेल्या तशाच,
फक्त यावेळी उलट्या दिशेनं, हळू,
पट्टीचा कपटा खिशात घेऊन.

शाळेचं मागचं दार निळं निघालं.
शेवटची दोन मुलं गेल्याला नऊ वर्षं झाली;
उन्हानं रंगाचा भुगा होत आलाय.
हातभर उंचीवर बारीक समांतर रेघा,
लाकूड आतून कोवळं दिसणारं.

बाईंनी तिथेच शेजारी नख ओढून पाहिलं.
नखाला थोडी धूळ लागली,
रंग नाही.