गोलकीपर

भुसावळच्या रेल्वे ग्राउंडवर गवत नव्हतंच कधी.
चेंडू मुरमावरून यायचा, ठिणगीसारखा,
आणि सुभान तडवी पायांना
गादीचा कापूस बांधून उभा.
अकरा वर्षं. दोन दात गेले.
विभागीय संघाचा कोट अजून कपाटात.

आता जिल्हा संघटनेचा सचिव.
टेबल, शिक्का, कूलरमधलं पाणी संपत आलेलं.
जन्मदाखल्यावरचं खोडलेलं साल
त्याला लांबूनच दिसतं,
मारणाऱ्याचं मनगट दिसायचं तसं.

काल यावलची पोरगी आली,
फॉर्म एक दिवस उशिरा.
बस चुकली, केळीच्या ट्रकातून आले, म्हणाली.
गुडघ्याला मुरमाची ताजी खूण.

सुभानने शिक्क्याची तारीख
एक घर मागे फिरवली.

"भो, हा कसा सुटला तुझ्याकडून?"
खजिनदाराने विचारलं.

तो कूलरमध्ये बादली ओतत होता.