डोक्यावरचं खवलं

पहिली दिसली, म्हणजे खरं तर दिसलीच नाही.
कंपोस्टच्या पेटीमागे नुसतं सळ्ळ झालं
आणि वाळल्या पानांत एक रेघ
ओढता ओढताच पुसली गेली.

हलू नका, मिस्टर राडिच, रिपेका म्हणाली.
ती शेजारची, वय दहा.
माझं बहात्तर; हलायची मला हौस नाहीच.

फांगारेईतला जानेवारी. सकाळी सातलाच पत्रा तापायला लागतो.
तो तापायच्या आत आम्ही
छपराचे जुने पन्हाळी तुकडे एकेक करून उचलायचो,
ती आधी, मी तिच्या मागे, गुडघे मोजत.
हात लावायचा नाही, कायदा आहे.
फक्त बघायचं, फोटो काढायचा
आणि वहीत लिहायचं.

पहिल्या फोटोत माझा अंगठा.
दुसऱ्यात शेपटीचं टोक.
तिसऱ्यात गोगलगाय. फार सुरेख आली होती.

तांब्याच्या रंगाची असेल, रिपेका शिकवायची,
आणि जबड्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या दातऱ्या असतील
कुणी घाईत टाके घातल्यासारख्या,
तर ती सापसुरळी इथली.
अंगावर पाण्यात सांडलेल्या तेलासारखी झाक असेल
तर बाहेरची, ऑस्ट्रेलियाची.
तरी खात्री धरायची नाही.
डोक्यावरचं मोठं खवलं बघायचं:
एकसंध असेल तर बाहेरची,
मधून चिरलेलं, दोन झालेलं असेल तर इथली.

नखाच्या कणीएवढं डोकं.
त्यावरची चीर.
माझ्या चष्म्याला तर
रिपेकाच्या कपाळावरचा डाससुद्धा दिसत नव्हता.

मग पार्स्लीची कुंडी सरकवली
आणि खाली पांढरं काहीतरी.
वाटाण्याहून लहान, मऊ, मातीत चिकटलेलं.
मोजली. एकतीस.
इथल्या जवळजवळ सगळ्या पिल्लं घालतात, मिस्टर राडिच,
अंडी नाही.
तिने हे अगदी हळू सांगितलं,
दवाखान्यात सांगतात तसं.

सरड्याची धाव म्हणे कुंपणापर्यंत.
ही तर समुद्र ओलांडून आली
कुणाच्या तरी कुंडीतल्या मातीत,
तिकीट नाही, सामान नाही.
माझा आजा पोड्गोराहून आला
कौरीचा डिंक खणायला. कमरेएवढ्या दलदलीत उभा राहिला
आणि गावातल्या दुकानात त्याला
रांगेच्या शेवटी उभं करत.
त्याच्या डोक्यावर कुणी काय मोजलं असेल?

हे मी रिपेकाला थोडंफार सांगितलं.
तिने ऐकलं. तिचे लोक इथे
माझ्या आज्याच्या कितीतरी आधीचे.
मग म्हणाली, पण तुमचा आजा
दुसऱ्यांचं सगळं जेवण खात नव्हता ना?

यावर काय बोलणार.
खात नव्हता, म्हणालो.
आणि म्हणता म्हणता मनात पाल चुकचुकली,
दलदल ती कुणाची होती.

तुमच्याकडे फ्रीझर आहे?

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ती एकतीस
मी मटारच्या पिशवीशेजारी ठेवली.
दार लावलं. परत उघडलं. लावलं.
त्या महिन्यात मटार खाल्ले नाहीत.
रात्री मोटर घुरघुरली की जाग यायची
आणि उगाच पाणी प्यायला उठायचो.

मार्चमध्ये, चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसलो होतो.
विटेच्या फटीतून एक डोकं आलं.
मग खांदे. मग थोडंसं थांबणं,
दोघांचंही.
तांबूस. जबड्याच्या कडेला टाके.
शेपूट अर्धं, नव्याने फुटलेलं, जरा फिक्या रंगाचं,
मांजराची वसुली देऊन आलेली असणार.
तिने माझ्याकडे एका बाजूने पाहिलं
आणि पापणी लवली. सापाची लवत नाही, हिची लवते.
खवल्याची चीर? दिसली.
दिसली असं मला वाटलं.
कप खाली ठेवेपर्यंत नुसती वीट.

फोटो? रिपेकाने विचारलं.
नाही.
दातऱ्या? होत्या.
डोक्यावर? दोन.
नक्की?

मी गप्प राहिलो.
तिने वही मांडीवर घेतली, तारीख घातली,
जागा: मिस्टर राडिचांची पायरी,
जात: तांबडी, इथली,
आणि शेवटच्या रकान्यात
पेन्सिल जिभेला लावून
लिहिलं, बहुतेक.