कडकच्या उलट

झोप येत नाही म्हणून विमा दवाखान्यानं चिठ्ठी दिली.
सिव्हिलच्या मागच्या इमारतीत, जिन्याखाली, एक टेबल.
हत्तुरे मॅडम.
गोळी दिली नाही त्यांनी.
पुठ्ठ्याचे तुकडे पुढं सरकवले, म्हणाल्या,
आयुष्यातली माणसं लिहा, एकावर एक.

मी पुठ्ठ्याचाच माणूस.
तीस वर्षं जकाटच्या पट्ट्यांना भोकं पाडतोय.
भोक असलं की सुई जाते, नसलं की अडते,
एवढ्यावर चादरीत मोर उभा राहतो.
लिहिली माणसं: नायना. सिद्राम. कारखान्याचा शेठ.
बायको. तिरुपती, पोरगा. शेवटी मी.

मॅडमनी तीन पुठ्ठे मांडले,
नायना, मी, सिद्राम.
यातले दोघं कशात सारखे, तिसरा कशात वेगळा?
सोपं आहे की ओ.
नायना कडक. मी कडक.
आणि कडकच्या उलट?
मऊ, असं म्हणणार होतो.
तोंडातून आलं,
भिवंडीला गेलेला.

पंखा कुरकुरत होता.
त्यांनी तसंच लिहून घेतलं, दुरुस्त न करता.
या टोकाला कडक, त्या टोकाला भिवंडीला गेलेला,
मध्ये रेघ.
गिरणी बंद पडली त्या वर्षाची एसटी
त्या रेघेवरून अजून जात होती.

मग चौकोन आखले, वर माणसं, बाजूला माझे शब्द.
प्रत्येक घरात खूण करायची, फुली नाहीतर टिंब.
कागद घरी आणला, नक्षीच्या आलेखाशेजारी ठेवला.
बायको म्हणाली, कुठल्या गिऱ्हाइकाची आहे ही?
मी म्हटलं, आपलीच.
तिरुपतीच्या रांगेत सगळी टिंबं भिवंडीकडं.
उशिरा आला, टिंब. भाकरी ठेवून उठला, टिंब.
पोरगं दारात चपला काढत होतं
आणि मी त्याला कधीच गाडीत बसवून टाकलेलं.

आपली चादर दोन्हीकडून चादरच असते.
मरून जमिनीवर पांढरा मोर,
उलटली की पांढऱ्या जमिनीवर मरून मोर.
तोच धागा वर येतो, तोच खाली बुडतो.
हे मला कुणी शिकवायचं?

तिसऱ्या खेपेला मॅडमनी अर्ध्या पानावर
एक माणूस लिहून दिला, नाव राजलिंगम.
हा उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारतो.
समोरचा कसा बघतो, याची त्याला खरीच उत्सुकता आहे.
पंधरा दिवस राजलिंगम होऊन बघा, कुणाला सांगू नका.
नाही पटला तर उसवून टाका.
बरोबर आहे. नवी नक्षी हातभर विणून बघतात,
सगळा बीम थोडाच चढवतात.

चार दिवस दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं.
शेठनं विचारलं, तब्येत बरी आहे ना?
नवव्या रात्री तिरुपती अकराला आला.
माझ्या जिभेवर ठरलेली पट्टी चढलेली होती,
राजलिंगमनं ती थांबवली.
जेवलास का कुठं?
पोरगं बघत राहिलं. मग ओट्यावर बसलं.
जोडबसवण्णा चौकात क्लास लावलाय म्हणाला,
नक्षी आता पडद्यावर काढतात, पट्ट्या लागत नाहीत.
पुढचं पुण्यात शिकायचं म्हणतोय.
पुण्यात.
राजलिंगम म्हणाला, कधी?
मी आतून काही म्हटलं नाही. म्हणजे, म्हटलं. ऐकू गेलं नाही.

त्याच रात्री सिद्रामला फोन लावला, अकरा वर्षांनी.
तेच विचारलं, तीन पुठ्ठ्यांचं.
तू, मी, नायना. कोण दोघं सारखे?
खूप वेळ मागून मागाचा आवाज येत राहिला.
मग म्हणाला,
नायना आणि तू. मला न विचारता निघून गेलेले.
मी नुसता गाडीत बसलो बे.

झोप अजून दोनलाच लागते.
उशाशी एक कोरा पुठ्ठा ठेवलाय,
त्यावर काय लिहायचं ते सिद्रामला विचारणार आहे.