रकाना

नाशिकहून परिपत्रक आलंय,
एकही मूल मागं राहता कामा नये.
खाली सही, शिक्का, सोबत तक्ता.

जमना भोये, इयत्ता चौथी.
गैरहजर बासष्ट दिवस.
वजाबाकी येत नाही.
मीच लिहिलं, निळ्या पेनानं.

आज खिचडीच्या रांगेत म्हणाली,
दिंडोरीच्या बागेत, गुरुजी,
घडाला ऐंशीच मणी राखायचे,
वरचे कात्रीनं उतरवायचे.
आणि एकशे सदतीस असले तर?
'सत्तावन्न,' म्हणाली,
ताटली पुढे करत.

तक्त्याच्या तळाशी बारीक छापलंय,
खाडाखोड चालणार नाही.
शेऱ्याला जागा बोटभर;
त्यात एक अख्खी द्राक्षबाग
कशी मावणार?

खोडलं.
आता तक्ता सुरगाण्याला परत येईल,
लाल शेरा घेऊन.
येऊ दे.
जमना दुसऱ्यांदा खिचडी मागतेय.